नारळ प्यायलेला मदरबोर्ड आणि मी

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, माझी हकिगत ऐकून तुमच्यातला एकही जण तिच्यावर विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ठेवूही नका. मी आयुष्यात कुणावर ठेवला नाही, म्हणून तर आज शाबूत आहे. सध्या मेहकरला गफ्फारभाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एका खोक्यात असते. अंगावर एक म्हातारा कीबोर्ड पडलाय. त्याची अर्धी बटणं गळालीत, पण कान तिखट आहेत.

मी म्हणजे तळहाताएवढी लोखंडी डबी. कॉम्प्युटरला जे जे आठवतं ते माझ्या पोटात असतं. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे धुळीचा कण नव्हता म्हणे. तिथून मी आले ती थेट जानेफळला, पिठाच्या गिरणीशेजारी.

तिथे शालूबाई लग्नपत्रिका टाइप करून द्यायच्या. मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम त्यांना गावच्या शाळेतल्या अर्जुनराव सरांनी टाकून दिला होता. पुढे सर वारले. त्यांची सीडी कुणाला सापडली नाही. म्हणजे तो प्रोग्रॅम आता फक्त माझ्या पोटात होता. माझ्यावर विंडोज नव्यानं टाकलं असतं, तर तो गेला असता, आणि त्याच्याबरोबर दुकानही.

दसऱ्याला शालूबाई झेंडू आणायला गेल्या आणि यजमानांना, म्हणजे शेषरावांना, कॉम्प्युटरची पूजा करायला सांगून गेल्या. मला त्यांचा संशय तेव्हाच आला होता. दुसऱ्या दिवसापासून यंत्र एकदा चालू व्हायचं, चारदा नाही. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. भगवानरावांच्या मुलीची पत्रिका अर्धी झालेली. तिच्यात कुणाचं नाव कुणाच्या वर यावं, यावर त्यांच्या भावकीत अकरा दिवस भांडण चाललं होतं आणि नुकतंच मिटलं होतं.

शेषरावांनी आधी विजेवर संशय घेतला. मग गिरणीवर. मग माझ्यावर. शेवटी गफ्फारभाईंना बोलावलं, तर त्यांच्यावर.

गफ्फारभाईंनी कॅबिनेट उघडलं. मग चिमट्यानं झेंडूची एक चिकट पाकळी बाहेर काढली.

"वहिनी, याले नारळ कोणी पाजला?"

शालूबाई शेषरावांकडे पाहू लागल्या.

"उंदीर असन," शेषराव म्हणाले.

"उंदरानं नारळ फोडला?"

"जानेफळचे उंदीर तुमाले माहीत नाही, भाई."

"मी शिंपडा म्हटलं होतं," शालूबाई म्हणाल्या. "किती शिंपडलं?"

"शिंपडलंच. आता नारळातच पाणी जास्त होतं, त्याले मी काय करू?"

मदरबोर्ड म्हणजे ती हिरवी पाटी, जिच्यावर कॉम्प्युटरचं सगळं गणगोत जोडलेलं असतं. ती पार सडत आली होती.

"बोर्ड बदला लागन," गफ्फारभाई म्हणाले.

"अन् सरांचा प्रोग्रॅम?"

"बाकीचे लोक बोर्ड बदलला का विंडोज नवं टाकतात. तसं केलं तर गेला."

"मंग नका करू तसं."

"नाही करत. पण विंडोजले या बोर्डाची सवय लागली हाय. उठल्याबरोबर त्यालेच शोधते. नाही दिसला का निळा पडदा दाखवून अडून बसते. हा बोर्ड मरायच्या आधी एकदा चालू झाला पायजे. तेवढ्यात ती सवय मोडतो."

मग ते मला दोन दिवस मेहकरला घेऊन गेले. तिथे एका परक्या यंत्राला जोडून ठेवलं. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. परत आल्यावर गफ्फारभाई शालूबाईंच्या कानाशी काहीतरी कुजबुजले, ते मला मुळीच आवडलं नाही. शेषरावांनाही नाही.

"तीच आणली ना भाई? बदलली तर नाही?" त्यांनी स्टूल अगदी जवळ ओढलं. "अन् खिशात काय हाय?"

"तंबाखू."

"दाखवा."

गफ्फारभाईंनी पुडी दाखवली. शेषरावांनी खात्रीसाठी चिमूटभर तोंडात टाकली.

जुना बोर्ड सात वेळा बटण दाबूनही उठला नाही. आठव्यांदा उठला. गफ्फारभाईंनी घाई केली नाही. विंडोजमधून जुन्या बोर्डाच्या ओळखी एकेक करून काढल्या आणि त्यांच्या जागी एक साधा ड्रायव्हर प्रोग्रॅम बसवला, कुठल्याही बोर्डाशी जमवून घेणारा. मग यंत्र बंद केलं. बोर्ड काढला, नवा बसवला. नवा चकचकीत होता. अशा चकचकीत लोकांपासून मी चार हात लांबच राहते.

बटण दाबलं. पडदा काळा. शालूबाईंनी मुठी आवळल्या. मित्रांनो, त्या क्षणी सगळं माझ्यावर होतं. मी त्या बोर्डाला बजावलं, तू कुणीही अस, या घरात पत्रिका सरांच्याच अक्षरात निघतात. आणि विंडोज उठलं. नवं सामान सापडलं, नवं सामान सापडलं, असं पाच-सहा वेळा कुरकुरलं आणि गप्प झालं.

शालूबाईंनी भगवानरावांची पत्रिका उघडली. वरपासून खालपर्यंत सगळी नावं बोट ठेवून वाचली. शेवटच्या नावावर बोट थांबलं, मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

"एक नाव कमी वाटते," शेषराव म्हणाले.

"कोणतं?"

"माहं."

"तुमचं होतं कधी?"

त्यानंतर चौदा वर्षं मी राबले. जानेफळच्या पंचक्रोशीत माझ्याशिवाय लग्न लागलं नाही. लोक म्हणायचे, पत्रिका शालूबाईंचीच. माझं नाव कुणी घेतलं नाही. पुढे दुकान सुनेकडे गेलं, नवं यंत्र आलं, आणि आम्हा जुन्यांना या खोक्यात आणून टाकलं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. यंत्राची पूजा जरूर करा, पण कोरड्या हातानं. जे परत मिळणार नाही त्याची नक्कल काढून ठेवा. मला काही नक्कल लागली नाही. त्या दिवशी टेबलावर मी एकटी होते, एकटीनं सगळं...

"थांब वो माय," कीबोर्ड म्हणाला. "टेबलावर मी होतो. तू कुठी होती? त्या दोन दिवसांत गफ्फारनं तुही नक्कल काढली. यंत्रात बसली ते नक्कल, अन् चौदा वर्षं राबली तेही नक्कलच. तुले हे सारं मीच सांगितलं, मागच्या पोळ्याले. तू तर शालूबाईच्या कपाटात होती, तिच्या लग्नातल्या साडीच्या घडीत. नक्कल बिघडली तं तू पायजे, म्हणून तिनं तुले एक दिवस कामाले लावू दिलं नाही."