आईचे गुडघे

“श्वास सोडा. आता घेऊ नका. थांबा.”

बारकीने श्वास सोडला आणि एमआरआयच्या बोगद्यात पडल्या पडल्या मनात आकडे मोजायला घेतले. नवाला तिचा धीर सुटला. हेडफोनमधून टेक्निशियनचा सुस्कारा ऐकू आला. पंधरा सेकंद तरी हवेत, नाहीतर हृदयाचं चित्र हलतं, पुन्हा घेऊ, असं तो म्हणाला. हे पुन्हा घेणं सहाव्यांदा चाललं होतं आणि दोघांच्याही नाकी नऊ आले होते.

दोष अर्थातच आईचा होता. सकाळीच तिने डोक्याला ताप दिला होता. घरून निघताना बारकी फोन वर विसरली. तीन मजले ती चार उड्यांत चढून आली असती, पण आई सोबत निघालीच. मग प्रत्येक वळणावर कठड्याला टेकून ‘थांब गं, गुडघे’ सुरू. गुडघे दुखतात तर बाईने खाली थांबावं की नाही? गेलं वर्षभर हेच चाललं होतं. संध्याकाळी बारकी कामावरून येई तेव्हा आई फाटकापाशी उभीच असे, आणि पुढची दहा मिनिटं जिन्यात जात. सत्तावीस वर्षांची झाली तरी घरात ती बारकीच होती.

फॉर्मवर प्रश्न होता, जिना चढताना दम लागतो का? तिने ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं. ते खोटंही नव्हतं, कारण दम कधी लागतच नव्हता. चौथ्या वर्षी एकदा छाती उघडून झाली होती, आता दुसऱ्यांदा ते नको होतं. आत मी बोलेन, तू नाही, असं तिने आईला बजावलं होतं. मागच्या खेपेला आई मध्ये बोलली, तर बारकीने आठवडाभर अबोला धरला होता. त्यामुळे इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरबाईंच्या खोलीत आई तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

कशीबशी मिळालेली चित्रं डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवली. जन्मापासून अरुंद असलेली झडप चौथ्या वर्षी मोकळी केली होती, ती आता गळत होती. त्यामुळे हृदयाचा उजवा कप्पा फुगला होता, आणि त्याच्या मापाचा आकडा नेमका काठावर होता.

“त्रास होत असेल तर झडप आताच बदलू. नसेल तर वर्षभर थांबता येईल. पण उगाच थांबलो आणि कप्पा आणखी ताणला, तर तो पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही.”

“मला काही त्रास नाही,” बारकी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मागच्या स्कॅनची सीडी मागितली. ती खाली तळघरात, एमआरआयच्या बाहेरच्या खुर्चीवर राहिली होती. आई उठून गेली. झालं, आता अर्धा तास गेला, असं म्हणून बारकी दाराच्या काचेतून समोरच्या जिन्याकडे बघत बसली. लिफ्टपाशी ही गर्दी होती.

पाच मिनिटंही झाली नसतील. एक बाई दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढून आली. काखेत पिशवी, कठड्याला हातसुद्धा नाही. बारकीला ती आधी ओळखूच आली नाही. दारापाशी येऊन ती बाई क्षणभर थांबली, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि लंगडत आत आली.

“गुडघ्यांनी अगदी जीव घेतला,” आई म्हणाली.

बारकी तिच्याकडे बघत राहिली. घरच्या जिन्याचं एकेक वळण तिला आठवलं. आई टेकायची, की आपणही टेकायचो. आई ‘चल आता’ म्हणायची ती नेहमी आपल्या तोंडाकडे बघून.

डॉक्टरबाईंनी फॉर्म पुढे ओढला. “मग जिन्याचं काय, ‘नाही’च ठेवू?”

“आम्ही प्रत्येक मजल्यावर थांबतो.”

“आईंच्या गुडघ्यांमुळे?”

बारकीला भयंकर राग आला होता. इतका की डोळे भरून आले.

“आईचे गुडघे ठणठणीत आहेत,” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. आईने गुडघ्यावरचा हात काढला आणि सीडी टेबलावर ठेवली.