फक्त वाचायची परवानगी

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत आणि त्यांच्यात अठरा पायऱ्या आहेत. खालचा माझा, त्याला सुरू व्हायला चहा गार होईपर्यंतचा वेळ लागतो. वरचा यामिनीचा. यामिनी माझ्या धाकट्या भावाची मुलगी, वय छत्तीस, मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. वर ती आणि तिची आई विभावरी, खाली मी आणि माझी बायको शकु. जबलपूरच्या राइट टाउनातल्या या घरात वायफाय एक, गॅसवाला एक आणि भांडणही सहसा एकच, गच्चीच्या नळावरून.

आमच्या मंडळाच्या वधू-वर नोंदणीचं काम गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. जबलपूर, सागर, कटनी, छिंदवाडा इकडची मराठी घरं मुलामुलींची माहिती माझ्याकडे पाठवतात आणि डिसेंबरातल्या मेळाव्याला मी त्याची पुस्तिका काढतो. लोक फोन करून विचारतात, "गुणवंतराव, मुलगा कसा आहे? खरं सांगा." आणि मी खरं सांगतो, अशी माझी ख्याती.

ही ख्याती फुकट आलेली नाही. मी शिक्षण खात्यात एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा अधीक्षक म्हणून. मास्तरांच्या गोपनीय चरित्रावल्या माझ्या टेबलावरून जात. माणसाचं अख्खं वर्ष एका ओळीत बसवायचं: 'कामात बरे, बोलण्यात जास्त.' तिथला एक नियम मात्र पक्का होता. शेरा वाईट असेल तर ज्याच्यावर लिहिला त्याला तो लेखी कळवायचा. न कळवलेला वाईट शेरा कोणाच्या विरुद्ध वापरायचा नाही. हा नियम मी नव्या बाबूंना पाठ करायला लावत असे.

रिटायर झालो, पण हात रिटायर झाला नाही. 'नोंदणी' नावाच्या माझ्या फोल्डरात दोन गोष्टी होत्या. एक 'मेळावा' नावाचं आतलं फोल्डर, त्यात सगळ्यांची माहिती आणि फोटो, जगाला दाखवायचे. दुसरी एक फाइल, तिचं नाव 'चरित्रावली'. दर उमेदवाराला एक ओळ: नाव, संपर्क, माझा शेरा, आणि कोणी कधी विचारपूस केली, मी काय सांगितलं. 'उंची पाच-आठ लिहिली आहे, बुटासकट.' 'मुलगा पुण्यात म्हणतात, पुण्याजवळ आहे.' 'मुलीच्या आईचे पोहे उत्तम, चौकशा त्याहून उत्तम.' ही फाइल कोणालाच माहीत नव्हती. शकुला वाटे मी पत्ते खेळतो.

पुस्तिकेची पानं यामिनी वर लावून देते. आजवर मी पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढत असे. मागच्या वर्षी तो छपाईवाल्याकडे जाऊन आला आणि असा काही रोग घेऊन आला की एकशे बारा फोटोंच्या जागी एकशे बारा बाण दिसू लागले. म्हणून या रविवारी सकाळी यामिनी म्हणाली, "मोठेबाबा, वायफाय तर एकच आहे आपलं. फोल्डर शेअर करून टाका, मी वरूनच उचलते. दहा मिनिटांचं काम आहे."

ती वर बसली, मी खाली, मध्ये फोन. तिचा आवाज आधी जिन्यावरून यायचा, मग फोनमधून.

"मोठेबाबा, तुमचा कॉम्प्युटर मला दिसूनच नाही राहिला. नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट?"

शोधून पाहिलं. "पब्लिक."

"काहून?"

"त्यानं विचारलं होतं एकदा. म्हटलं सार्वजनिक ठेवावं, आपल्यावर बोट नको."

ती हसली. "उलटं आहे ते! पब्लिक म्हणजे त्याला वाटतं आपण स्टेशनवर बसलोय, तो तोंड लपवून बसतो. घरात आहे म्हणा त्याला."

घरात आहे म्हटलं. तिला माझा कॉम्प्युटर दिसला. मग त्यानं तिला नाव आणि पासवर्ड विचारला. मी रोज सकाळी टाकतो ते चार आकडे सांगितले. चालले नाहीत. तो पिन, तो फक्त समोर बसणाऱ्याचा, बाहेरून येणाऱ्याला खरा पासवर्ड लागतो, असं तिनं समजावलं. खरा पासवर्ड मला आठवेना.

"मग शेअरिंगचा पासवर्डच बंद करा. पण मग वायफायवरच्या कोणालाही दिसेल हं, चालेल?"

"अगं, घरातल्या घरात कुलूप कशाला?" हे मी म्हणालो. मीच.

पासवर्ड काढला. आता तिला 'मेळावा' दिसत होता, पण उघडायला गेलं की परवानगी नाही. तिनं सांगितलं तसं मी उजवं बटण दाबून सगळ्यांना वाचायची मुभा दिली. परवानगी नाही. ती म्हणाली, परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, तुम्ही एकाच ठिकाणी दिली असणार, थांबा, मी खाली येते.

"नको, नको. करतो."

आमच्या ऑफिसात शिपायाला एका कपाटाची किल्ली सापडली नाही की मी त्याच्या हातात अख्खा जुडगा देत असे. तेच केलं. कॉम्प्युटरातच एक पायरी वर गेलो आणि 'नोंदणी' हे पूर्ण फोल्डरच सगळ्यांना वाचायला देऊन टाकलं.

"आलं! आलं मोठेबाबा! जमलं तुम्हाला!"

मी फोन ठेवला आणि पोहे-जिलेबी खायला बसलो. शकुला सांगितलंसुद्धा की आमच्या वेळचे लोक काहीही शिकू शकतात.

पंधरा मिनिटं झाली, वरून आवाज नाही. फोटो जड असतात, वेळ लागतो, असं मनाशी म्हणालो. वीस मिनिटं झाली. जिलेबीचा तुकडा तोंडात होता आणि एकाएकी लक्षात आलं, जुडग्यात कोणकोणत्या किल्ल्या होत्या ते.

हात न धुता टेबलाशी गेलो. 'चरित्रावली' उचलून दुसरीकडे टाकायला गेलो. कॉम्प्युटर म्हणाला, फाइल वापरात आहे, हलवता येणार नाही. पुसायला गेलो. फाइल वापरात आहे. उघडायला गेलो, तेव्हा त्यानं चौकटीत नावच लिहून दिलं: ही फाइल यामिनीनं उघडलेली आहे.

सत्तेचाळिसावी ओळ तिची होती.

पुढे जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण आता लाजेत निवड करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि वायफायच्या डब्याची वायर उपटली. आतून शकु ओरडली, "काहून बंद केलं हो? ताई बोलून राहिली होती माझ्याशी व्हिडिओवर!" मी परत टेबलाशी आलो. वायर निघाल्याबरोबर फाइल मोकळी झाली होती. आता पुसता येत होती. पुसून काय होणार होतं? उघडलेलं पान वर तिच्यासमोर तसंच होतं. तरी मी बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की पुसायची?

"पुसू नका, मोठेबाबा."

यामिनी दारात होती. रडलेली नव्हती. रडली असती तर मला काही बोलता आलं असतं.

ती आत आली, पण बसली नाही. समोरच्या वेताच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"प्रथमेश इथं आले होते?"

प्रथमेश मूळचा मझौलीचा. काही वर्षांपूर्वी दोन वर्षं तिच्याच कॉलेजात गणित शिकवत होता; नोंदणीत त्याचीही ओळ होती.

"सगळं लिहिलेलं आहे," मी म्हणालो.

"लिहिलेलं वाचलं मी. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

"आला होता. दोनदा. एकदा जुलैत, एकदा दिवाळीनंतर."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. एकटाच." त्याच्या ओळीत मी लिहिलं होतं: 'वडीलधारं कोणी न आणता स्वतः आला. उतावीळ.'

"कुठे बसले होते?"

हा प्रश्न मला कळला नाही. "तू धरली आहेस त्या खुर्चीत."

तिनं खुर्चीवरचा हात काढला. "आणि मी कुठे होते?"

"वर."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

शकु दाराशी येऊन उभी होती. "तुम्ही तर मला म्हणाले होते, तो मंडळाचं कॅलेंडर न्यायला आला होता. मी चहा दिला त्याला. दोनदा कोण कॅलेंडर नेतं, हे माझ्या ध्यानातच नाही आलं."

यामिनीनं पुढचं विचारलं. "पहिल्यांदा काय सांगितलं त्यांना?"

"मुलीची इच्छा दिसत नाही म्हणून सांगितलं."

"दुसऱ्यांदा?"

"पत्रिका जुळत नाही."

"पाहिली होती पत्रिका?"

"नाही."

तिनं मान हलवली. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर चुकावं आणि ते चुकणार हे शिकवणाऱ्या बाईंना आधीच माहीत असावं, अशी. "मला वाटून राहिलं होतं ते विचारतील. वर्षभर वाटलं. मग वाटलं, आपलाच गैरसमज असेल. मग ते छिंदवाड्याला गेले. पुढचं तुम्ही लिहिलंच आहे. लग्न झाले, निकाली."

प्रथमेश एकटा नव्हता. तिच्या ओळीत त्याच्याखेरीज आणखी सहा घरांची विचारपूस होती, आठ वर्षांतली. सहाही जणांना मी खरं सांगितलं होतं, म्हणजे माझा शेरा वाचून दाखवला होता: 'हुशार. स्पष्ट बोलते, सासरी अडचण होईल. आईला सोडून जाणार नाही.' सहांपैकी एकाही घराचं नाव जिना चढून वर गेलं नव्हतं.

"काहून, मोठेबाबा?"

इतरांना द्यायला माझ्याकडे तीन उत्तरं होती: इच्छा, पत्रिका आणि शेरा. तिला द्यायला एकच होतं आणि ते कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

"तू गेली असतीस तर विभावरी एकटी पडली असती," मी म्हणालो. तिनं नजर हलवली नाही. म्हणून पुढचंही बोललो. "आणि आम्ही. शकुचं इन्सुलिन तू देतेस. डॉक्टरकडे तू नेतेस. मला वाटलं, आणखी थोडे दिवस. मग परत थोडे दिवस."

शकुनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. त्या इंजेक्शनांची लाज तिनं का वाटून घ्यावी? ती पूर्ण माझी होती.

"कदाचित मी नाहीच म्हटलं असतं," यामिनी म्हणाली. "आई आहे, तुम्ही लोक आहात, मलाही कळतं. पण ते 'नाही' मी म्हणायचं होतं ना, मोठेबाबा."

मग ती म्हणाली, "चलो. वायर लावा. पानं आज जायची आहेत."

मी वायर लावली. तिनं माउसला हात लावला नाही. मागे उभी राहून सांगत गेली, मी करत गेलो. पूर्ण 'नोंदणी'चं शेअरिंग काढलं. 'मेळावा' नीट दिला, दोन्ही ठिकाणी परवानगी. मी उठायला लागलो तर म्हणाली, "चरित्रावली पण. वेगळ्या फोल्डरात टाका आणि माझ्या एकटीच्या नावानं द्या. आणि मघाशी मला नुसतं वाचता येत होतं. लिहायची परवानगी द्या."

दिली. चौकटीत 'वाचणे'च्या जागी 'वाचणे व लिहिणे' केलं. एवढं लहान बटण मी आयुष्यात इतका वेळ लावून दाबलेलं नाही.

ती वर गेली. दुपारभर फाइल उघडू पाहिली की नाव यायचं: यामिनीनं उघडलेली आहे. मी थांबलो. संध्याकाळी सातला ती रोजच्यासारखी खाली आली, शकुला इंजेक्शन दिलं, शकुशी दोन शब्द बोलली, पानांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि "बघून घ्या" म्हणून गेली. तिच्या पायऱ्या मी मोजल्या. अठरा.

मग फाइल उघडली. मला वाटलं होतं तिनं आपली ओळ साफ केली असेल. तसं नव्हतं. एकच रकाना बदलला होता. संपर्क: जिथे इतकी वर्षं माझा नंबर होता तिथे तिचा होता, आणि पुढे 'स्वतः' असं लिहिलं होतं. शेरा तिनं जसाच्या तसा ठेवला होता. सहा घरंही तशीच. लिहायची परवानगी मिळाली होती, तरी पुसायचं काम तिनं केलं नव्हतं.

मीही पुसलं नाही. खात्यात शेरा खोडत नसत; त्याखाली दुसरा लिहून सही करत. मी तिच्या शेऱ्याखाली लिहिलं: 'वरील शेरा उमेदवाराला कधीही कळवण्यात आला नाही. लिहिणाऱ्याचा त्यात स्वार्थ होता. तो शेरा सहा जणांना सांगितला गेला, ही चूक माझी. गुणवंत.'

सेव्ह केलं. वर तिच्या खोलीत दिवा होता. मग फाइलीत वर सरकून पहिल्या ओळीवर आलो. सागरची मुलगी, तीन घरांची विचारपूस, तिघांना माझा शेरा सांगितलेला. संपर्क: मामा. मुलीचा नंबर माझ्याकडे नव्हताच. चौदा वर्षांत तो मी मागितलाच नव्हता.

मामांना फोन लावला. "अरे वा, गुणवंतराव!" ते म्हणाले. "काय, स्थळ आहे काय?"

"नाही," मी म्हणालो. "मुलगी घरी आहे का? तिच्याशीच बोलायचं होतं."