योर्नचं चाक

योर्नचं मागचं चाक घेऊन फिरमिनकाका माझ्या दुकानात आले, तेव्हा ईस्टर नुकताच झाला होता. चाक त्यांनी जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतं.

योर्न त्यांचा एकुलता एक. बेल्जियममधल्या आमच्या ब्राकेलच्या आसपासच्या गावजत्रांतल्या सायकल शर्यतींत सगळे त्याला ओळखायचे. जानेवारीत सराव करताना दगडी चढावरच त्याचं हृदय बंद पडलं. सायकल खड्ड्यात गेली, फ्रेम तडकली, साखळी पोलिसांच्या शेडमध्ये गंजली. हे चाक तेवढं धड राहिलं.

"माझ्या सायकलीला बसव," काका म्हणाले. "गिअरच्या दातेरी चकत्यांसकट."

"काका, तुमची सायकल सात चकत्यांची. ह्याला अकरा आहेत."

"मग?"

"मग चाक आतच जाणार नाही, तुमची फ्रेम मागून अरुंद आहे. आणि गिअरचे खटके पडतात सात चकत्यांच्या हिशेबाने. साखळी दोन चकत्यांच्या मधेच लटकत राहील."

"तोही हेच म्हणायचा. 'बाबा, आपलं दोघांचं जुळायचं नाही. तुमचा साधा एक भाग मला चालत नाही.'" काका हसायला गेले, पण जमलं नाही.

मी त्यांची सायकल पुन्हा पाहिली. "फ्रेम पोलादी आहे, थोडी फाकवता येईल. खटके बंद करता येतात, हँडलजवळच्या गिअरच्या दांडीवरची ही कडी फिरवली की झालं. पण मग गिअर दर वेळी हाताने चाचपत शोधावा लागेल."

"चाचपेन. मला कुठे पोचायचंय?"

फ्रेम मी हळूहळू रुंद केली. नवी, बारीक साखळी घातली. काका अंगणात दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, "कुरकुरते, पण चालते." मग गावाबाहेर गेले.

परतले ते सायकल ढकलत. कोपर सोललं होतं.

"सपाटीवर लोण्यासारखी पळते गं. चढाला लागलो, हलक्या गिअरवर आलो की साखळी सटकते. पाय एकदम हवेत."

मी सायकल टांगली आणि चकत्या पुसल्या. लहान चकत्यांचे दात जवळजवळ नवे होते. मोठ्या तीन मात्र झिजून पार बोथट झाल्या होत्या. नवी साखळी त्यांना धरेना. हा संच मीच आदल्या वर्षी योर्नला बसवून दिला होता. त्याआधीच्या त्याच्या प्रत्येक संचात लहान चकत्या आधी जायच्या. मोठ्यांना, म्हणजे चढाच्या हलक्या गिअरना, तो 'म्हाताऱ्यांचे गिअर' म्हणायचा.

"काय झालंय?" काकांनी विचारलं.

"झिजल्यात. बदलाव्या लागतील."

"कुठल्या?"

मी बोट ठेवलं. काका जन्मभर सायकलवर बसलेले, त्यांना वेगळं सांगायला नको होतं. बराच वेळ ते त्या दातांवरून अंगठा फिरवत राहिले.

"म्हणजे त्याला दम लागत होता," ते म्हणाले. "वर्षभर."

"काका, समोरच्या वाऱ्यामुळेही कधी कधी हलका गिअर..."

"नको, हिल्डा. नाताळात मी विचारलं होतं त्याला, चेहरा का उतरलाय म्हणून. म्हणाला, सर्दी आहे बाबा. मी म्हटलं, बिअर कमी कर."

मी कॉफी ओतली. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"नव्या घाल," शेवटी ते म्हणाले. "आणि तुझ्या काकूला, मारिएटला, ह्यातलं काही कळू देऊ नकोस. त्याच्या हृदयाचं आधी कळलं कसं नाही म्हणून ती रोज डॉक्टरांना शिव्या देते. तेवढाच तिला आधार आहे."

जुन्या चकत्या हव्यात का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी त्या भंगारात टाकल्या नाहीत, पण भिंतीवरही लावल्या नाहीत. खणात आहेत.

काका आता दर रविवारी चर्चनंतर निघतात. दुकानावरून जाताना कुरकुर ऐकू येते, मग गिअर सापडतो आणि आवाज थांबतो. दगडी चढाशी आले की उतरतात आणि सायकल हातात धरून वर जातात. मारिएटकाकूंना त्यांनी सांगितलंय, गुडघा दुखतो.