चार बोटं खाली

“कुठल्या शहाण्याने हा ओटा बांधलाय कोण जाणे! भाजी चिरून उठेपर्यंत कंबर बोलायला लागते,” भाडेकरीण म्हणाली. “तुम्ही आपलं खिडकीचं माप घ्या हो बाई. ओट्याला काही पडदा लावता येत नाही.”

ती स्वतःच्याच विनोदावर हसली. टेपबाई हसली नाही. तिचा तळहात ओट्यावर सपाट टेकला होता आणि खांदा वर उचलावा लागला नव्हता. कुठल्याच ओट्यापाशी तिला असं उभं राहता येत नसे. घरी ती पाटावर चढून स्वयंपाक करायची. तिने टेप खाली सोडली आणि जमिनीपासून कडेपर्यंत मापलं. मग तीच टेप पुन्हा लावली.

पडद्यांच्या दुकानात तिला टेपबाई म्हणत. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मापायच्या, कापड कापायचं, शिवायचं आणि टांगायलाही तिनेच जायचं. मालकाचा नियमच होता: माप ज्याचं, टांगणं त्याचं. चुकलं तर शिव्या योग्य माणसाला पडल्या पाहिजेत. एवढी वर्षं तिने दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या आणि एका खिडकीसाठी पैसे साठवले. नवी साडी नाही, सहल नाही, दाताचं काम पुढच्या वर्षी. लग्न झालं नाही. का नाही झालं, ते विचारणारे पुष्कळ होते. राहणार कुठे, हे एकानेही विचारलं नाही.

तिने घर बुक केलं तेव्हा इथे नुसता सांगाडा होता. इमारतीचं नावही वेगळं होतं. धाकट्या भावाच्या स्कूटरवर मागे बसून ती मागच्या कच्च्या रस्त्याने आली होती. विटांच्या भिंतींमध्ये उभी राहून तिने गवंड्याला ओट्याची उंची कमरेपाशी हात धरून दाखवली. “इथपर्यंत. चार बोटं खाली घ्या.” धाकटा हसला होता. “ताई, उद्या विकायची वेळ आली तर हे बुटक्यांचं घर घेणार कोण?”

“विकायला घेतेय का मी?” ती म्हणाली होती.

गेल्या वर्षी धाकट्याने तोंड पाडून सांगितलं, की काम कोर्टात अडकलंय. जागेवर कुणाला फिरकू देत नाहीत. हप्ते मात्र थांबवायचे नाहीत, नाहीतर भरलेलं सगळं बुडेल. तिने थांबवले नाहीत.

“घरमालक कोण आहेत हो?” तिने टेप गुंडाळत विचारलं.

“फार सज्जन माणूस. ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत. बहिणीसाठी घेतलं होतं म्हणे, पण ऐन वेळी तिचं मन फिरलं. गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही आहोत इथे.” भाडेकरणीने गॅस पेटवला. “चहा घेणार?”

“नको,” टेपबाई म्हणाली. आणि तिने राहिलेल्या सगळ्या खिडक्यांची मापं घेतली.

घरी पोचली तेव्हा धाकटा मॅच बघत होता. आई लसूण सोलत होती. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात सहा माणसं. भावजय पोरांना घेऊन माहेरी गेलेली, तेवढीच जागा मोकळी होती.

“आज कुणाच्या घराची मापं घेतली सांगू?” तिने चप्पल न काढताच विचारलं.

“कुणाच्या?”

“माझ्या.”

धाकट्याने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. खोटं बोलायचं असलं की माणसाला आधी शांतता लागते.

“ताई, मी सांगणारच होतो.”

“कधी? माझ्या तेराव्याला?”

“असं काय बोलतेस? ताबा मिळाला तेव्हा माझी ओढाताण चालली होती. गाडीचं कर्ज, पोरांच्या फिया. रिकामं ठेवून काय पूजा करायची होती? भाडं आपल्याच घरात येतंय ना?”

“आणि हप्ता कुणाच्या घरातून जातोय?”

त्याने रिमोट खाली ठेवला.

“बोल ना. कोर्टात अडकलेल्या घराचा हप्ता मी तुझ्या हातात देतेय. तू तो घेतोस, भाडंही खिशात घालतोस, वर ‘ताई, जेवलीस का’ विचारतोस. लाज कशी वाटली नाही रे?”

आता धाकटा उभा राहिला. पकडला गेलेला माणूस आधी गयावया करतो, आणि ते चाललं नाही की हिशेब शिकवतो. “कर्ज माझ्या पगारावर मिळालंय. तुला कोण उभं करणार होतं बँकेत? ना पगाराचा कागद, ना नवरा. नाव माझं लागलं म्हणून घर झालं.”

“हळू बोला,” आई म्हणाली. “शेजारी कान लावून असतात.”

टेपबाई तिच्याकडे वळली. तिच्याकडे बघायला नको म्हणून आई लसणाच्या पाकळीचं साल नखाने उकरत राहिली, निघालं होतं तरी.

“आई, तुला माहीत होतं?”

“तुला इथे काय कमी आहे गं? एकटा जीव तू. त्याच्या पदरात दोन लेकरं. तुझ्यामागे ते घर जाणार कुणाला? त्यांनाच ना? मग जरा आधी गेलं तर काय आभाळ कोसळलं?”

टेपबाई एकेचाळीस वर्षांची होती. धडधाकट होती, चार मजले जिना चढून खिडक्या मापत होती. आणि तिच्या सख्ख्या आईने ती मेली असं धरून वाटणीसुद्धा करून टाकली होती.

“बरं,” ती म्हणाली. “या महिन्यापासून हप्ता तू भर.”

“वेड लागलंय का? मी कुठून भरू? बँक घर ओढून नेईल!”

“नेऊ दे.”

“स्वतःच्या घरावर उठलीस?” आई किंचाळली. आता शेजाऱ्यांची भीती नव्हती.

“कुणाच्या घरावर, आई?”

टेपबाईने आपले कपडे एका पिशवीत भरले. पिशवी फारशी भरली नाही. ती घेऊन टेपबाई बाहेर पडली.

वकिलाने तिचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पैसे दिल्याचं लेखी काही?” ती म्हणाली, “भावाकडून कोण लिहून घेतं?” वकिलाने मान हलवली. त्याच्याकडे अशा बायका रोज येत असाव्यात. बघू म्हणाला. त्याच्या बघण्यात किती वर्षं जातील ते त्यालाही माहीत नव्हतं.

पडदे शिवून झाले. मालक म्हणाला, “तोंड उतरलंय तुझं. दुसऱ्या कुणाला पाठवू का टांगायला?”

“माप माझं आहे,” ती म्हणाली.

तिने स्वयंपाकघराचा पडदा टांगला, मग बाहेरच्या खोलीचे. चुण्या एकसारख्या पाडल्या, खालची कड जमिनीला लागत नाही हे गुडघ्यावर बसून पाहिलं. भाडेकरीण दोन पावलं मागे जाऊन बघत राहिली. “वा बाई! आता कुठे घर वाटायला लागलं.”

शेवटी झोपायची खोली राहिली. पलंग अजून घेतलेला नव्हता, एका कोपऱ्यात नुसत्या गाद्या रचलेल्या होत्या. टेपबाईने पडदा टांगला आणि पूर्ण ओढून घेतला. उजेड मऊ झाला. बाहेर भाडेकरीण कुणाशी तरी फोनवर बोलत होती. टेपबाई फरशीवर बसली, पाठ भिंतीला टेकवली आणि पाय लांब केले. पाय कशालाच लागले नाहीत. ती तशीच बसून राहिली.

“झालं का हो बाई?” बाहेरून आवाज आला.

“झालं.”

ती उठली. आपल्या पाठीचा डाग भिंतीवर पडलाय का, ते वळून पाहिलं. पडला नव्हता. तरी तिने पदराने ती जागा पुसली, पडदा उघडला आणि बाहेर आली.