ताईची राजधानी

गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ताईची राजधानी पडली. आणि डबा संपायच्या आत तिच्या भावाने, बोक्याने, ठरवलं की ती पडलीच नव्हती.

तसं ठरवणं अवघड नव्हतं. पाळी अजून संपवलेली नव्हती. मोबाइलच्या पडद्यावर तुताऱ्या वाजल्या, तटावरचा ताईचा निळा झेंडा उतरला, त्याचा पिवळा चढला आणि खाली दोन चौकोन उजळले: ‘पाळी संपवा’ आणि ‘चाल मागे घ्या’. त्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं. पिवळा उतरला, निळा चढला. मेलेले शिपाई कपडे झटकून जागेवर उभे राहिले. तोफ नदीच्या अलीकडे आली आणि आपण पलीकडे कधी गेलोच नव्हतो असा चेहरा करून थांबली.

त्याला राजधानी घ्यायची नव्हतीच. दरवाजा बंद आहे का एवढंच बघायचं होतं. तो सताड उघडा होता.

“तुतारी कसली वाजली?” दुकानाच्या पुढच्या भागातून मालकांनी डोकं आत घातलं. दुकान चष्म्यांचं होतं. मालक पुढे बसून लोकांना अक्षरं वाचायला लावत आणि बोका मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवी.

“काही नाही. राजधानी पडली होती. परत उभी केली.”

“कोणाची?”

“ताईची.”

मालकांनी आपला चष्मा कपाळावर सरकवला. कोणाच्या दुःखात सहभागी व्हायचं असलं की ते आधी चष्मा वर घेत.

“कशी आहे रे ती?”

“राजधानी?”

“ताई.”

“तशीच.”

मालकांनी चष्मा खाली घेतला आणि ते पुढे गेले. बोक्याने डब्यातलं उकडलेलं अंडं उचललं, चारी बाजूंनी पाहिलं आणि परत ठेवलं.

ताई एका मोठ्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी करायची. महिन्याच्या सुरुवातीला एका शब्दकोशाला खळ लावता लावता तिने त्याच्यावरच डोकं टेकलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, अक्षर बारीक आहे म्हणून जवळून वाचते आहे. खळ सुकत आली तरी वाचन संपेना, तेव्हा त्यांनी हलवून पाहिलं. डोक्यातली एक रक्तवाहिनी फुटली होती. ऑपरेशन झालं, नळ्या लागल्या, त्यातल्या काही निघाल्या. डोळे मात्र उघडले नव्हते. डॉक्टर रोज एकच सांगत, वाट बघू. शब्दकोशाच्या पहिल्याच पानाला ताईचे काही केस अजून चिकटलेले होते, आणि ग्रंथालयाने ते पुस्तक कोणालाही द्यायचं नाही असा निर्णय घेतला होता.

बहीणभावाचा मोबाइलवरचा हा डाव सुरू होता तो ताईच्या लग्नापासून. पाठवणीच्या वेळी घरातले सगळे रडत होते, तेव्हा तिने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्याला मोबाइल दाखवला होता. “रडतोस काय, बोक्या. पाळी तुझी आहे.” दिवसाला एक पाळी, पाळीला एक वर्ष. दगडाच्या हत्यारांपासून निघालेले ते दोघं आता तोफांपर्यंत पोचले होते. एखाद्याने दिवसभरात चाल केली नाही तर त्याच्या वतीने यंत्र खेळे. आणि खेळ बनवणाऱ्यांनी एक शेवटचं वर्ष ठरवून दिलं होतं. ते आलं की गुण मोजायचे, गाणं वाजवायचं आणि डाव बंद. त्यापुढे त्या जगात इतिहास नव्हता. दोघांनी या तरतुदीची वर्षानुवर्षं टिंगल केली होती. आता ते वर्ष जवळ आलं होतं.

बोक्याला शेवट या प्रकाराचंच वावडं होतं. त्याच्या खोलीत लढायांच्या पुस्तकांची एक भिंत होती आणि त्यातल्या एकाही लढाईचा निकाल त्याला माहीत नव्हता. वेढा पडला, धान्य संपत आलं, सेनापती नकाशावर वाकला, की तो खूण घालून पुस्तक मिटायचा. रेकॉर्डचंही तसंच. शेवटचे सूर यायला लागले की उठून सुई उचलायचा. ताई म्हणायची, याच्या घरात सगळे जण अजून जिवंत आहेत.

खेळाच्या नियमांवर दोघांनी आपले दोन नियम चढवले होते. युद्ध पुकारायचं तर आधी शत्रूला फोन करून, हातात असेल त्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं. आणि तह करायचा तर रेकॉर्डची एक अख्खी बाजू ऐकवायची. समोरचा शेवटपर्यंत गप्प राहिला तर तह झाला, मध्ये बोलला तर मोडला. इतक्या वर्षांत त्यांचा एकही तह झाला नव्हता. व्हायोलिन जरा वर चढलं की ताईला काहीतरी आठवायचंच. बोक्याला बाजू पूर्ण वाजवायला लागणारे हे एवढेच प्रसंग, तेही ताई पूर्ण होऊ द्यायची नाही.

हे युद्ध बोक्याने पुकारलं होतं. मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकातलं पान वाचून. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ये. माश्या घेऊन ये.” दुसऱ्याच दिवशी तो शब्दकोश मध्ये आला.

तेव्हापासून तिच्या बाजूने यंत्र खेळत होतं आणि इतकं वाईट खेळत होतं की बघवत नव्हतं. प्रत्येक गावात धान्याचं कोठार. कोठार असलेल्या गावात आणखी एक कोठार. न पडलेल्या तटांची रोज दुरुस्ती. आणि प्रत्येक शहराचा दरवाजा, शत्रू समोर उभा असताना, उघडा.

बोक्याने हरायचं ठरवलं. फौज मागे घेतली. नदीकाठची गावं मोकळी केली. सेनापतीला एकट्याला, घोड्याशिवाय, ताईच्या तोफांसमोर उभं केलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सेनापती तिथेच उभा आणि त्याच्या शेजारी नवं कोरं कोठार. हरायलासुद्धा समोर शहाणा शत्रू लागतो, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. निदान त्याने वाचलेल्या प्रकरणांत तरी.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. ताईच्या पलंगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत भावोजी बसले होते. त्याला पाहताच त्यांनी हातातला मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. भावोजी लिफ्टचे तपासनीस. आयुष्यात त्यांनी वाचलेलं बहुतेक सगळं लिफ्टच्या आत लावलेलं होतं. कुठल्याही इमारतीत शिरले की जिन्याने जात, कारण लिफ्टमध्ये त्यांना सुट्टी मिळत नसे.

“खाल्लंस?”

“हो.”

“काय?”

बोका बसायला खुर्ची शोधू लागला. भावोजींनी पिशवीतून डबा काढला, मग दुसरा काढला.

“आधी खा.”

“भूक नाही, भावोजी.”

“भुकेचं विचारलं नाही मी.”

त्याने खाल्लं. ताईचा उजवा हात चादरीवर होता, नखांच्या कडेला अजून खळ. परिचारिका आली, बाटली बघून गेली. मग बोक्याने मोबाइल काढला. सकाळी घरून तो त्यात एक रेकॉर्ड उतरवून घेऊन आला होता, ताईची आवडती, दुसरी बाजू, करकरीसकट. त्याने मोबाइल तिच्या उशीजवळ ठेवला आणि आवाज बारीक केला.

“हे काय?” भावोजींनी विचारलं.

“तह.”

भावोजी आणखी काही विचारणार होते, पण बोक्याने ओठांवर बोट ठेवलं.

व्हायोलिन वर चढलं. बोक्याने ताईच्या तोंडाकडे पाहिलं. याच जागी एकदा तिने विचारलं होतं, तुझ्याकडे माझी छत्री आहे का. एकदा म्हणाली होती, मला वाटतं माझा गॅस चालू राहिलाय. व्हायोलिन आणखी वर गेलं, तिथे जरा रेंगाळलं आणि जिना उतरावा तसं खाली आलं. मग नुसती सुईची करकर राहिली. तीही थांबली. उचलायला तिथे सुईच नव्हती.

ताई एकदाही बोलली नाही.

“झालं?” भावोजी म्हणाले.

“झालं. नियमाने तह झाला.” बोक्याने मोबाइल खिशात टाकायचा प्रयत्न केला, खिसा सापडायला वेळ लागला. “पहिल्यांदाच.”

भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. मग उठले आणि दवाखान्याच्या लिफ्टचं दार नीट लागत नाही असं म्हणत बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.

घरी जाताना बोक्याने राजधानीसमोरची उरलेली फौज काढून घेतली आणि पाळी संपवली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात एका जाड काचेची कड घासत असताना फोन वाजला. भावोजी. त्याने घासायचं यंत्र बंद केलं. हात पुसायचं राहून गेलं.

“भावोजी? काय झालं?”

“काही नाही. ऐक.” घसा साफ केल्याचा आवाज. मग भावोजी, शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखे, एका सुरात वाचू लागले. “प्रकरण चौथे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यास. आतील व्यक्तीने घाबरून जाऊ नये. हवा पुरेशी असते. दार बळाने उघडण्याचा प्रयत्न करू नये. बाहेरील व्यक्तींनी आतील व्यक्तीशी सतत बोलत राहावे. आतून उत्तर येत नसले तरी बोलणे थांबवू नये. व्यक्ती आत आहे हे गृहीत धरूनच सर्व काम करावे. पान संपलं.”

बोक्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बरोबर वाचलं ना? एक पान असतं ना?”

“भावोजी, तुम्ही युद्ध पुकारताय?”

“ती पुकारतेय. तिच्या वतीने मी.” पलीकडे खुर्ची सरकली. “पहिल्या दिवसापासून मीच खेळतोय. यंत्राच्या हाती देऊ का तिला?”

“म्हणजे ती कोठारं...”

“लोक उपाशी राहू नयेत.”

“आणि दरवाजे? सगळे दरवाजे उघडे ठेवलेत तुम्ही.”

“दार बंद झालं की आतली माणसं अडकतात. एवढं कळत नाही तुला?”

बोक्याने घासायच्या यंत्रावर हात टेकला. काचेची पांढरी पूड बोटांना लागली होती.

“मला खेळता येत नाही,” भावोजी म्हणाले. “घोडे कुठले आणि बैल कुठले, तेही धड दिसत नाही. पण गावं सोडून दिलेली कळतात मला. ती उठली की विचारेल, कुठवर आलं? काय सांगू? बोक्याने दया केली तुझ्यावर?”

“तसं नाही, भावोजी.”

“मग कसं?” आवाज चढला नव्हता, उलट आणखी खाली गेला होता. “तिला तू कधी एक गाव सोडलं होतंस? आत्ताच का सोडतोस? कोणाला असं सगळं देऊन टाकतात, बोक्या?”

पुढच्या भागात मालक कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होते. त्या खालच्या, हं, त्याच्याही खालच्या. दिसत नाहीत, गिऱ्हाईक म्हणत होतं. दिसत नाही तरी सांगा, मालक म्हणत होते.

“आणि तो तह मी मानत नाही,” भावोजी म्हणाले. “ती गप्प बसली नव्हती. तिला बोलता येत नव्हतं. दोन्ही एक नाही.”

बोक्याने होकारार्थी मान हलवली. फोनवर ती दिसत नाही हे लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागला.

“भावोजी.”

“बोल.”

“दरवाजा बंद करा. मी येतोय.”

मग भावोजी म्हणाले, “कुठे दाबायचं?”

“तटावर बोट धरून ठेवा. चौकोन येईल.”

“आला. आतली माणसं?”

“आतून उघडता येतो.”

“नक्की?”

“नक्की.”

राजधानीचा दरवाजा बंद झाला. बोक्याने सेनापतीला घोडा दिला. पुढच्या आठवडाभरात त्याने आपली गावं झगडून परत घेतली आणि तिची दोन कोठारं जाळली. भावोजींनी त्याच्या तोफा नदीत अडकवल्या. कशा, ते त्यांनाही सांगता येईना. संध्याकाळी पलंगाशेजारी बसून दोघं ताईला सगळं मोठ्याने सांगत. तिचीच चूक असल्यासारखा बोका तिला टोमणे मारी. भावोजी तिच्या वतीने उत्तर देत आणि ते नेहमी चुकीचं असे. ताई तशीच होती.

वर्षं मात्र दोघांच्या हातात नव्हती. रोज एक जात होतं. आठवडा संपला त्या शनिवारी पडद्याच्या कोपऱ्यात वाळूचं घड्याळ दिसू लागलं: शेवटच्या वर्षासाठी खेळाडूंनी तयारी करावी. बोक्याने दुकानातली मागची खोली बंद करून घेतली, खेळ बनवणाऱ्या कंपनीचं तक्रारींचं पान उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, एक गोष्ट शेवटपर्यंत लिहिली.

‘महोदय, सदर डावातील निळ्या बाजूची खेळाडू सध्या चाल करण्यास असमर्थ असून तिच्या वतीने तिचे पती, स्वतःच्या कुवतीनुसार, खेळत आहेत. पिवळी बाजू अर्जदाराची असून तीत जिंकण्याची अथवा हरण्याची कोणतीही घाई नाही. सबब विनंती करण्यात येते की, डावाच्या कालगणनेत शेवटच्या वर्षापुढे वाढीव वर्षे मंजूर करण्यात यावीत. वर्षांची संख्या खेळाडू शुद्धीवर आल्यावर स्वतः कळवील. तोपर्यंत आपल्या जगातील सूर्य आहे त्याच जागी थांबवून ठेवण्यात यावा आणि तसा आदेश संबंधितांस त्वरित देण्यात यावा, ही विनंती.’