उन्हाकडे पाठ केलेला कुत्रा

गंगूकाकी दारात आली, तेव्हा वर्षाली संगणकावर एका लग्नाचे फोटो निवडत बसली होती. काकीच्या डोक्यावर माशांची पाटी नव्हती. दुपारच्या बाजाराच्या वेळी पाटीशिवाय काकी, हे वर्षालीने कधी पाहिलं नव्हतं.

"गो वर्षाली, कॅमेरो घे आणि चल. भुंग्याक मारतले ते."

भुंगो म्हणजे काकीचा कुत्रा, शेपटीच्या टोकापर्यंत काळा. आदल्या संध्याकाळी तोंडवलीच्या वाळूत शिंपले वेचणाऱ्या नम्रताला समुद्राच्या बाजूने आलेला एक कुत्रा पोटरीला चावून पळाला होता. नम्रता ही किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या सत्यवान रापणकाराची एकुलती एक मुलगी. मालवणच्या दवाखान्यात तिने रडत रडत एवढंच सांगितलं, की कुत्रा काळा होता. आणि वाडीत काळा कुत्रा एकच. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, कुत्र्याला मारू नका, बांधून ठेवा, त्याच्यावर लक्ष ठेवा. पण सकाळीच कुणाचा तरी दगड भुंग्याच्या मागच्या पायावर बसला. तेव्हापासून तो खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या टोकावर जाऊन उभा होता. काकीलाही जवळ येऊ देत नव्हता.

"त्या चेडवाक, नम्रताक फोटो दाखव," काकी म्हणाली. "ता सांगात, हो की न्हय."

"आणि हो म्हणाली तर?"

काकीने पदर कमरेला खोचला. "तर मीच त्याका बांधतंय. पण दांडो घालूक देवचंय नाय."

वाळूवर पोचेपर्यंत सूर्य समुद्राकडे बराच कलला होता. सुरूच्या बनापाशी सत्यवान बसला होता. रात्रभर दवाखान्यात जागून त्याचे डोळे तांबारले होते. त्याचा भाऊ लवू हातात वल्ह्याचा तुटका दांडा घेऊन उभा होता.

"फोटो काढून काय होतला?" लवू म्हणाला. "काळो तो काळोच."

सत्यवानने त्याला हाताने गप्प केलं. "काढ," तो वर्षालीला म्हणाला. "गाडी आसा. नम्याक दाखवन येवया. तवसर कोण काय करूचो नाय."

वर्षाली पुढे गेली. हल्लीच घेतलेला डिजिटल कॅमेरा तिच्या हाताचा झाला होता, पण आजवर त्यातून नवरानवरी आणि बारशी यापलीकडे काही गेलं नव्हतं. भुंगो पाण्याच्या कडेला उभा होता, नेमका सूर्याच्या आणि तिच्या मध्ये. तिने पहिला फोटो काढला आणि पडद्यावर पाहिला. मागे पेटलेला समुद्र, आणि त्याच्यापुढे कात्रीने कापल्यासारखा एक काळा आकार. ना डोळे, ना तोंड.

तिने उजेड वाढवून पाहिला. समुद्र पांढराफटक पडला, कुत्रा धुरकट राखाडी. फ्लॅश मारला, तर त्याचे डोळे हिरवे चमकले. एखाद्या पिसाळलेल्या जनावरासारखे. तो फोटो तिने तिथल्या तिथे पुसून टाकला. लवूने तो पाहिला असता, तर दवाखान्यापर्यंत जायची वेळच आली नसती.

एकच मार्ग होता. आपण पाण्यात उतरायचं, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि कुत्र्याच्या तोंडावर ऊन पडू द्यायचं. तिने सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि कॅमेरा छातीशी धरून ती लाटांत शिरली. भुंगो तिच्याकडे वळला आणि दात विचकून गुरगुरला.

"भुंग्या, मी रे," ती हळू म्हणाली. पायाखालची वाळू प्रत्येक लाटेबरोबर सरकत होती. पडली असती, तर कॅमेराही गेला असता आणि कुत्राही.

पण तो तिच्याकडे बघून गुरगुरत नव्हता. तिने मान वळवली. तिच्या मागे, पाण्यात गेलेल्या वाळूच्या पट्टीवरून दुसरा एक कुत्रा येत होता. मान खाली, तोंड अर्धवट उघडं, चाल तिरपी. तिच्या आणि सूर्याच्या मध्ये तो अजून उजेडाआड होता. वर्षालीला तो काळा दिसला. तिने नकळत बटण दाबलं. मग तो तिच्या समोरून पुढे सरकला, त्याच्या अंगावर ऊन पडलं, आणि तो काळा नव्हताच. विटकरी तांबूस होता. तोंडाला लाळ लोंबत होती.

ती जागच्या जागी खिळली. तिथूनच तिने आणखी दोन फोटो काढले. एक तांबूस कुत्र्याचा, एक भुंग्याचा. भुंगो लंगडत मागे सरला. दुसरा कुत्रा कुणाकडे न बघता सुरूच्या बनात शिरला.

"लवूदा, त्याच्यापासून लांब राहा," ती ओरडली. "आणि पोरांका घरात घ्या."

सत्यवानने गाडी काढली आणि ते मालवणला पोचले. खाटेवर नम्रता भिंतीकडे तोंड करून पडली होती. वर्षालीने तिच्यासमोर कॅमेरा धरला. आधी भुंगो, उन्हातला, स्वच्छ. नम्रताने मान हलवली.

"नाय. हेची शेपटी लांब आसा."

मग तांबूस कुत्रा.

"हो कुत्रो तांबडो. तो काळो होतो."

सत्यवानने सुस्कारा सोडला. "बघलंस? पोरीक कायच आठवणा नाय."

वर्षालीने बोट पुन्हा बटणावर ठेवलं. पाण्यात उभी असताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. काल नम्रता शिंपले वेचत होती, तेव्हाही सूर्य समुद्रावरच होता, आणि कुत्रा समुद्राकडूनच आला होता. तिने पडद्यावर तो बिघडलेला फोटो आणला. उजेडाआडचा, काळा ठिक्कर, ओठातून लाळ आणि अर्ध्यावर तुटलेली शेपटी तेवढी दिसणारा.

नम्रता ताडकन मागे सरकली. तिने पाय पोटाशी घेतले.

"हो," ती कुजबुजली. "होच तो."

सत्यवानने कॅमेरा हातात घेतला. तो तांबूस फोटो आणि काळा फोटो आलटून पालटून बघत राहिला. तीच शेपटी, तीच वाकडी मान. मग बाहेर जाऊन त्याने लवूला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, तेव्हा तो इतकंच म्हणाला, "भुंग्याक हात लावू नको. तांबडो आसा, तोडक्या शेपटीचो. जाळा घेवन जावा, कोणी एकटा जाव नको."

डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि लगेच जिल्ह्याच्या दवाखान्यातून दुसरं औषध मागवलं. "कुत्रा हा असेल, तर वाट बघत बसण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. त्या औषधाची सुई त्यांनी जखमेच्या भोवतीच टोचली. नम्रता ओरडली आणि बाप तिचा हात धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो कुत्रा बनात जाळ्यात सापडला आणि संध्याकाळच्या आत मेला. लवूने त्याला माणसांनी हात न लावता पुरायची व्यवस्था केली आणि नंतर जाळंही जाळून टाकलं. नम्रताची इंजेक्शनं पुढे महिनाभर चालली. ती वाचली. मात्र ऊन समुद्रावर कलू लागलं, की ती वाळूवरून घरी जायची.

भुंगो गंगूकाकीकडे परत आला, पण सहजासहजी नाही. काकी रोज वाळूच्या टोकावर बांगड्याचं डोकं ठेवून यायची आणि लांब बसून राहायची. पाय बरा झाल्यावरही तो माणसांपासून चार हात दूरच राहिला. एके दुपारी काकी पाटी घेऊन निघाली, तेव्हा तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, तिच्या बरोबरीने बाजाराकडे चालू लागला.