वैदेहीचं बोलणं

नववी ब च्या वर्गात आवाज चालत येतो. प्रकाश मात्र पूर्वीसारखाच, लखकन. सोमवारी फळ्यापाशी मी 'कंप्रता' म्हणालो, की पहिल्या बाकाला ते मधल्या सुट्टीत ऐकू येतं आणि शेवटच्या बाकाला गुरुवारी. वर्गाबाहेर सगळं ठीक आहे.

मुख्याध्यापक चौगुल्यांना सांगितलं, तर म्हणाले, अभ्यासक्रम मागे पडता कामा नये. मी म्हटलं, मोठ्याने बोलून बघतो.

"बुवा, मोठ्याने बोलून वेग वाढत नाही, हे तुम्हीच शिकवता ना?"

शाळेत मला बुवाच म्हणतात. दर एकादशीला मी देवळात कीर्तनाला बसतो, अगदी मागे, चपलांपाशी. आमचे कीर्तनकार माइक घेत नाहीत. चपलांपाशी बसलेल्याला पोचलं तर देवाला पोचलं, म्हणतात. मीही तसाच शिकवत आलो, शेवटच्या बाकाकडे बघून. शिस्तही कीर्तनाचीच लावली होती: रंग भरत असताना मध्ये कुणी उठायचं नाही, शंका आरतीनंतर. म्हणजे घंटेनंतर.

त्या मंगळवारी मी नादकाटा ठोकून पाण्यात टेकवला, पाणी उडालं, पोरं हसताना दिसली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची वैदेही खरात मध्येच उभी राहिली. तिचे ओठ हलले. डोळे भरलेले होते. मी हाताने 'बस' अशी खूण केली. खूण लगेच पोचली. ती बसली. तिचं बोलणं तेवढं माझ्याकडे निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी. मी घरी गेलो. घराला कुलूप, शेजाऱ्यांना काही ठाऊक नाही. पहिल्या बाकावरच्या शर्वरीला सकाळी विचारलं, वैदेही काय म्हणाली ग? उत्तर शाळा सुटताना आलं.

"सर, तिचं बोलणं अजून आमच्या बाकापर्यंत आलेलं नाही."

मागच्या बाकांना मात्र ते मिळालं होतं. त्यांनी माना खाली घातल्या होत्या. लिहून दाखवा, अशी मी खूण केली. एकाने पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. बाकीच्यांनीही ठेवलं.

ते बोलणं वाटेत गाठावं म्हणून मी बाकांमध्ये शिरलो. मी शिरलो की ते जागच्या जागी थांबतं. फळ्यापाशी परतलो की पुन्हा चालू लागतं. ती फळ्यापाशी उभ्या असलेल्या सरांशी बोलली होती. मग मी फळ्यापाशीच उभा राहिलो. धडा बंद केला. मनात म्हटलं, पांडुरंगा, पोरीने जे मागितलंय ते देऊन टाक, माझ्या ऐकण्यासाठी अडून राहू नकोस.

एकेक बाक खाली बघू लागला. मधल्या बाकावरची मुलं एकमेकांना धरून बसली. ज्यांनी ऐकलं त्यांच्यातलं कुणीही माझ्याकडे रागाने बघत नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आज सकाळी ते पहिल्या बाकाला पोचलं. शर्वरीने ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली, टाचा उंचावल्या आणि आपले दोन्ही तळहात माझ्या कानांवर घट्ट दाबून धरले.